आराखडा बदलला, आता काय विचारायचं?

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे. कॉलेजनं फुटबॉल मैदानाचा एक आराखडा जाहीर केला, मग तो बदलला, आणि माजी खेळाडू, पालक, शेजारची सोसायटी असे सगळेच चिडले. पत्रांतले सगळे बदल वाईट नाहीत. काही तर मूळ आराखड्यापेक्षा चांगले आहेत. पण बदलाचं कारण आणि आकडे लोकांसमोर न ठेवता खोदकाम सुरू झालं की चांगल्या बदलावरही कुणाचा विश्वास बसत नाही.

प्रश्न : आमच्या कॉलेजनं नैसर्गिक गवताचं मैदान जाहीर केलं होतं. आम्ही माजी खेळाडूंनी देणग्या दिल्या. आता म्हणतात कृत्रिम टर्फ टाकणार. कंत्राटदार सांगतो, जुन्या मैदानावर रोलर मारू आणि वर थेट टर्फ अंथरू. गवतासाठी अडून बसावं का?
*(माजी विद्यार्थी, एरंडवणे)*

गवत की टर्फ हा वाद थोडा बाजूला ठेवा. आधी रोलरच्या गोष्टीवर अडून बसा, कारण खरा धोका तिथे आहे. पुण्यात बऱ्याच ठिकाणी वरचा थर काळ्या मातीचा असतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर थेट टर्फ टाकलं, तर काही पावसाळ्यांत टर्फच्या पट्ट्यांचे सांधे उकलतात, मैदानाला लाटा येतात, खोलगट जागी पाणी साचतं आणि घोटे मुरगळतात. वरचं टर्फ कितीही महाग घेतलं तरी यातून सुटका नाही.

माती किती फुगते हे कळायला मोठा खर्च लागत नाही. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या एका नळकांड्यात पाण्यात आणि तितकीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकतात. २४ तासांनी दोन्हीकडच्या मातीचं आकारमान वाचतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून फरक लगेच दिसतो. पाण्यातलं आकारमान १६ आणि रॉकेलमधलं १० आलं, तर फुगवटा ६० टक्के. २० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता कमी, ३५ च्या वर जास्त, ५० च्या वर फारच जास्त. कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग असेल तर ही चाचणी तिथल्याच प्रयोगशाळेत होईल. मैदानाच्या किमान पाच जागांचे नमुने घ्या. एका कोपऱ्यात मुरूम आणि दुसऱ्यात काळी माती, असंही निघतं.

माती फुगणारी निघाली तर ती काढावी लागते. किती खोल, ते चाचणी ठरवते. पण ३०० ते ४५० मिलिमीटरची तयारी ठेवा. त्या जागी न फुगणारा मुरूम १५० मिलिमीटरच्या थरांनी भरायचा. प्रत्येक थराला पाणी मारून ८ ते १० टनी व्हायब्रेटरी रोलर फिरवायचा आणि प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के घनता मिळाल्याचा दाखला घेतल्याशिवाय पुढचा थर टाकू द्यायचा नाही. घाईत ३०० मिलिमीटरचा मुरूम एकदम ओतला जातो. मग वरचा भाग घट्ट होतो, खालचा पोकळ राहतो आणि पहिल्या पावसात बसतो.

मुरुमावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे मातीला वर येऊ न देणारं कापड. चरांमध्ये साधारण ६ ते १० मीटर अंतरानं १०० मिलिमीटर व्यासाचे भोकांचे पाइप, ते कडेच्या मोठ्या पाइपला जोडलेले. त्यावर २० ते ४० मिलिमीटरच्या खडीचा १५० मिलिमीटर थर आणि वर बारीक खडीचा ४० ते ५० मिलिमीटर थर. इथे क्रशरची भुकटी जास्त पडली की पृष्ठभाग सुरेख दिसतो, पण पाणी खाली उतरत नाही. टर्फ अंथरण्यापूर्वी तीन मीटरची सरळ पट्टी ठेवून पाहा. खाली १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर ती जागा परत करून घ्या. उतार मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना, एक टक्क्याच्या आत. ६८ मीटर रुंद मैदानात अर्धा टक्का उतार म्हणजे मध्य आणि कड यांत १७ सेंटिमीटरचा फरक.

पैसे वाचवायची दुसरी जागा म्हणजे टर्फच्या पात्यांमध्ये भरायची वाळू आणि रबर. १०५ बाय ६८ चं मैदान आणि चारी बाजूंना तीन मीटर मोकळी जागा धरली, तर टर्फ ८,२१४ चौरस मीटर लागतं. दर चौरस मीटरला १५ किलो वाळू आणि १० किलो रबर ठरलं असेल, तर १२३ टन वाळू आणि ८२ टन रबर आलं पाहिजे. ट्रकच्या वजनकाट्याच्या पावत्या जपून ठेवा. भरण झाल्यावर पात्यांची टोकं १५ ते २० मिलिमीटर वर राहिली पाहिजेत. भरण कमी पडलं की पाती आडवी होतात आणि लवकर झिजतात.

सांध्यांच्या गोंदाला कोरडी हवा लागते. म्हणून खोदकाम पाऊस उघडल्यावर आणि टर्फ मे संपायच्या आत. जूनमध्ये घाईनं चिकटवलेल्या सांध्यांवर भरवसा ठेवू नका.

आता गवताचं. हरळीच्या जातीचं चांगलं मैदान आठवड्याला साधारण १५ ते २० तास खेळ सोसतं. फक्त कॉलेजचे दोन संघ खेळणार असतील तर गवतच घ्या. खेळायला ते सरस आहे. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कृत्रिम टर्फ होतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी ते काढून गवत लावलं गेलं. पण सकाळी शाळा, दुपारी कॉलेज, संध्याकाळी क्लब अशी रांग असेल, तर डिसेंबरपर्यंत गोलसमोर नुसती माती उरते. पाण्याचाही हिशेब करा. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं तर खेळाच्या १०५ बाय ६८ भागाला, म्हणजे ७,१४० चौरस मीटरला, जवळपास ३६,००० लिटर लागतं, म्हणजे दहा हजारी साडेतीन टँकर, तेही रोज. प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळायची सोय असेल तरच हे परवडतं. उलट टर्फ एप्रिलच्या दुपारी ६० अंशांच्या पुढे तापतं. तेव्हा सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर, हे वेळापत्रक आधीच मान्य करा.

प्रश्न : आधी १०५ बाय ६८ मीटरचं मैदान ठरलं होतं. मग भोवती ४०० मीटरचा धावण्याचा ट्रॅक आला आणि मैदान १०० बाय ६४ झालं. फुटबॉलवर अन्याय झाला असं आम्हा सगळ्यांना वाटतं.
*(फुटबॉलप्रेमी, खडकी)*

राग समजतो, पण हा बदल योग्य आहे. प्रमाण ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर आणि सरळ बाजू ८४.३९ मीटर असते. म्हणजे आतली रुंदी ७३ मीटर. त्यात १०५ बाय ६८ बसतं, पण कॉर्नरच्या झेंड्यापासून ट्रॅकची कड जेमतेम एक मीटरवर येते. विंगर, म्हणजे कडेनं धावणारा खेळाडू, पूर्ण वेगात गोलसमोर पास (क्रॉस) मारतो आणि थेट कडेवर आपटतो. १०० बाय ६४ घेतलं की तेच अंतर साडेतीन मीटर होतं आणि बाजूला साडेचार मीटर मिळतात. नियमांत लांबी ९० ते १२० आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. आंतरराष्ट्रीय सामन्यालाही १०० बाय ६४ ही किमान मापं पुरतात. कॉलेजच्या सामन्यांच्या मान्यतेत काही कमी होत नाही.

तुम्ही लक्ष ठेवा ते दुसऱ्या गोष्टीवर. गोळाफेक किंवा उंच उडीची जागा गोलच्या अगदी मागे काँक्रीटमध्ये केली जात नाही ना? आणि मधोमध क्रिकेटची सिमेंट खेळपट्टी ठेवून ‘सामन्याला मॅट टाकू’ असं कुणी म्हणत असेल, तर तिथे मात्र नक्की विरोध करा.

प्रश्न : आमची सोसायटी कॉलेजच्या मैदानाला लागून आहे. आमच्या तक्रारीनंतर कॉलेजनं दिव्यांचे खांब १८ मीटरवरून १२ मीटर केले. तरी काही जणांना वाटतं, झोत घरात येणारच.
*(सोसायटी सचिव, कर्वेनगर)*

खांबांची उंची कमी केल्यानं तुमचा त्रास वाढेल. मैदानाच्या एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंतच्या मध्यरेषेवर उभं राहून दिव्याकडे पाहिलं, तर नजर जमिनीपासून निदान २५ अंश वर जायला हवी. बाजूचे खांब मध्यरेषेपासून ३९ मीटरवर असतील तर त्यासाठी उंची १८ मीटर लागते. १२ मीटरला हा कोन १७ अंशांवर येतो. मग उजेड पलीकडे पोचवायला दिवे वर उचलावे लागतात आणि झोत समोरच्या खिडक्यांत शिरतो. गोलकीपरलाही हवेतला चेंडू दिसत नाही.

१८ मीटरच मागा, पण तीन अटींसह. दिव्यांची काच जमिनीशी जवळपास समांतर राहील असे असममित, म्हणजे एकाच बाजूला झोत टाकणारे, एलईडी. बसवल्यावर तुमच्या खिडकीजवळ लक्स मीटरनं, म्हणजे उजेड मोजायच्या यंत्रानं, मोजणी. आणि दिवे बंद व्हायची ठरलेली वेळ, टायमरवर. कॉलेजच्या सामन्यांना २०० लक्स भरपूर झाले. त्याला सुमारे ३० ते ३५ किलोवॅट भार लागतो. ५०० लक्सचा आग्रह कुणी धरत असेल, तर मैदान भाड्यानं द्यायचा विचार आहे का, हे सरळ विचारा. लाऊडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा नियम २००० पासून आहेच. खांबांसाठी झाडं तोडायची असतील तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तिची प्रत मागून घ्या.

प्रश्न : छप्पर असलेल्या गॅलरीसाठी देणगी दिली. आता छप्पर रद्द, नुसत्या पायऱ्या, आणि उरलेल्या पैशांत मुलींची चेंजिंग रूम. हे बरोबर आहे का?
*(देणगीदार, सदाशिव पेठ)*

चेंजिंग रूम आधी, छप्पर नंतर, असंच आमचंही मत आहे. मुलींना कपडे बदलायला जागा नसेल तर मुलींचा संघ टिकत नाही. पण तुमच्या पावतीवर ‘गॅलरीसाठी’ असं लिहिलेलं असेल, तर संस्थेनं तुम्हाला लेखी विचारायला हवं होतं. पत्र द्या आणि हिशेब मागा. सार्वजनिक न्यासांना लेखापरीक्षण केलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावेच लागतात. गॅलरी पश्चिमेला घ्या, म्हणजे संध्याकाळचं ऊन पाठीवर येतं. छपराचे खांब पुढे कधी उभे करायचे झाले तर त्यांचा पाया आत्ताच पायऱ्यांबरोबर घालून ठेवा. नंतर पायऱ्या फोडून पाया घालणं फार महागात पडतं.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत इव्हॅन्स्टनला शिकते. तिथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं जुनं स्टेडियम पाडून नवं बांधायला घेतलं, पण आसनं कमी केली. एवढा खर्च करून कमी माणसं का?
*(पालक, औंध)*

तिथलं फुटबॉल वेगळं, अंडाकृती चेंडूचं. पण भांडणं ओळखीची आहेत. १९२६ चं जुनं स्टेडियम सुमारे ४७,००० प्रेक्षकांचं होतं, नव्याची क्षमता ३५,००० ठरली. लांब बाकांऐवजी पाठीच्या खुर्च्या, रुंद वाटा, मैदानाच्या जवळ बसायची सोय आणि महागडी आसनं, असा तो हिशेब आहे. स्वस्त तिकिटावर येणारे जुने चाहते दुखावतात, ते याच कारणानं. पैशाचा ताणही खरा आहे. २०२५ मध्ये न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती.

शेजाऱ्यांचा खरा विरोध मात्र तिथे होणाऱ्या मैफिलींना होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये नगर परिषदेत मतं समसमान पडली आणि महापौरांच्या मतानं परवानगी मिळाली, वर्षाला जास्तीत जास्त सहा मैफिलींची. सोबत विद्यापीठानं गावासाठी काय करायचं याचा लेखी करार झाला. कर्वेनगरच्या सचिवांनी हा भाग जरूर वाचावा. किती कार्यक्रम आणि किती वाजेपर्यंत, हे तिथे आकड्यांत लिहिलं गेलं.

प्रश्न : टर्फ झालं. आता गॅदरिंगचा मंडप त्यावरच टाकायचा म्हणतात.
*(क्रीडाशिक्षक, हडपसर)*

टाकू देऊ नका. मंडपाच्या पहारी टर्फ आणि जिओटेक्स्टाइल दोन्ही फाडतात, टेम्पोच्या चाकांनी खालची खडी दबते आणि सांडलेलं तेल रबराला चिकटतं. दुसरी जागाच नसेल तर वजनाच्या पायांवर उभा राहणारा मंडप, खाली प्लायवुड आणि एकही वाहन आत नाही, हे लेखी घ्या. शेगडी आणि फटाके मैदानाबाहेर. एरवी आठवड्यातून एकदा पाती उलट दिशेनं ब्रशनं उभी करा. पेनल्टीच्या खुणेजवळ आणि गोलसमोर रबर सर्वांत आधी उडतं, ते दर महिन्याला भरा. पावसाळ्यात सावलीच्या कडेला शेवाळ धरतं. ते ओलं असतानाच घासून काढा, वाळलं की खाली रबरात बसतं. कडेच्या गटाराच्या जाळ्या मे महिन्याच्या शेवटी उघडून साफ करून घ्या.