वाचक विचारतात : नातवंडं मोठी होताना नाताळच्या भेटी

प्रश्न : आम्हाला ७ नातवंडं आहेत, ४ वर्षांपासून २२ वर्षांपर्यंतची. दर नाताळला प्रत्येकाला भेट देतो. आता मोठ्यांना काय आवडेल ते कळत नाही आणि खर्चही झेपत नाही. मोठ्यांच्या भेटी बंद केल्या तर वाईट दिसेल का?

उत्तर : अचानक बंद केल्या तर नक्की दिसेल. धाकटी भावंडं खोकी फोडत असताना थोरला रिकाम्या हातानं बसतो आणि आपलं काही चुकलं का, असं त्याला वाटतं. म्हणून या नाताळला नियम सांगा आणि पुढच्या नाताळपासून लागू करा. सगळ्यांना एकच वयोमर्यादा ठेवा, १८ पूर्ण झाल्याची. ‘कमवायला लागेपर्यंत’ अशी अट घालू नका. १९व्या वर्षी नोकरीला लागलेला नातू बाहेर पडतो, २२ वर्षांच्या शिकणाऱ्या नातीला मात्र भेट मिळत राहते, आणि ते त्याच्या मनात राहतं.

१८ ओलांडलेल्या नातवंडाला मोठ्यांच्या सोडतीत सामील करून घ्या. सोडतीत प्रत्येक जण एकालाच भेट देतो आणि त्याला एकाचीच भेट मिळते. तुमचा खर्च कमी होतोच, पण त्या मुलाला पहिल्यांदाच घरातल्या मोठ्यांपैकी कुणासाठी तरी विचार करून काही निवडावं लागतं. आमच्या मते सोडतीचा खरा फायदा हाच. नातवंडाचा जोडीदार येऊ लागला असेल तर लग्नाची वाट न पाहता त्याचंही नाव घाला. फक्त आधी त्या दोघांना विचारा.

प्रश्न : आमच्याकडे सोडत असते, पण दरवर्षी कुणाला तरी स्वतःचीच चिठ्ठी येते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

उत्तर : पद्धतच तशी आहे. चिठ्ठ्या एकत्र करून एकेकानं उचलली, तर कुणालाच स्वतःचं नाव न येण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के असते. माणसं ६ असोत की १६, आकडा जवळजवळ तोच राहतो. त्यापेक्षा वर्तुळ मांडा. सोडतीत नसलेल्या, पण वाचता येणाऱ्या एखाद्या नातवंडाला हे काम द्या. त्यानं चिठ्ठ्या पिसायच्या, गोलात मांडायच्या आणि उघडायच्या. प्रत्येकानं आपल्या उजवीकडच्या नावाला भेट द्यायची. स्वतःचं नाव येण्याचा प्रश्नच उरत नाही. नवरा-बायको शेजारी आले तर एकाची चिठ्ठी दुसऱ्या कुणाशी बदलायची, पण नंतर सगळं वर्तुळ पुन्हा तपासायचं, कारण त्या अदलाबदलीत दुसरी जोडी शेजारी येऊ शकते. मग ज्याचं त्याला नाव कानात सांगायचं. वर्तुळाचा फोटो त्या मुलाकडेच ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जोड्या टाळता येतात.

कमाल रक्कम सगळेच ठरवतात, किमान ठरवायचं मात्र राहून जातं आणि कुरबुर होते ती त्यावरूनच. दोन्ही ठरवा. प्रत्येकाकडून हव्या असलेल्या तीन वस्तू लिहून घ्या. सोडत आगमन काळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, पहिल्या रविवारच्या आत उरका. तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो, म्हणजे खरेदीला किमान तीन आठवडे मिळतात.

प्रश्न : किशोरवयीन नातवंडांना पैसेच हवे असतात. द्यावेत का?

उत्तर : द्या. एका वयाच्या सगळ्यांना एकच रक्कम द्या, कारण पाकिटं उघडली की पाच मिनिटांत तुलना होतेच. सोबत उघडायला काहीतरी छोटं असू द्या आणि चार ओळी हातानं लिहा. पैसे कशावर खर्च करायचे हे मात्र सांगू नका. गिफ्ट कार्ड दिलंत तर मुदतीची तारीख पाकिटावर ठळक लिहा.

प्रश्न : प्रत्येक नातवंडासाठी दरवर्षी झाडावर टांगायला मिठाच्या पिठाचा एक तारा करते, घर मांडतील तेव्हा त्यांना सगळे द्यायला. पण काही फुगून तडकले, काहींना बुरशी आली.

उत्तर : फार छान प्रथा आहे, सोडू नका. प्रमाण असं : २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ आणि पाऊण ते १ वाटी पाणी, तेही थोडं थोडं घालत. मैद्यात बेकिंग पावडर मिसळलेली नको, तारे फुगतात. गोळा गुळगुळीत होईपर्यंत मळा आणि ५-६ मिलिमीटर जाड लाटा. दोरीचं भोक भाजण्याआधीच स्ट्रॉनं पाडा, कडेपासून १ सेंटिमीटर आत. त्याहून जवळ पाडलं तर तिथेच तुटतं.

ओव्हन १०० ते १२० अंश सेल्सियसवर ठेवून दोन-तीन तास भाजा आणि मध्ये एकदा उलटा. तडे जातात ते जास्त आचेनं : वरचा थर आधी कडक होतो आणि आतली वाफ त्याला फोडते. बुरशी येते ती आत ओल राहिल्यामुळे. थंड झाल्यावर मागच्या बाजूला मधोमध अंगठ्यानं दाबून पाहा. दबलं तर पुन्हा ओव्हनमध्ये ठेवा. मागे नाव आणि साल लिहून दोन्ही बाजूंना, कडांना आणि भोकाच्या आतही वॉर्निश लावा, कारण मीठ हवेतली ओल ओढतं. प्रत्येकाचे दोन-दोन करा, एखादा फुटतोच. कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. घरात कुत्रा असेल तर कच्चं पीठ आणि तारे दोन्ही त्याच्यापासून दूर हवेत, इतकं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : ९ वर्षांच्या नातीला सांताक्लॉजचं गुपित कळलं आहे, नातू ४ वर्षांचा आहे. आता काय करावं?

उत्तर : तिला गुपितात सामील करून घ्या आणि धाकट्याचा मोजा भरायचं काम तिच्याकडे सोपवा. सांताच्या भेटींना वेगळा कागद आणि वेगळं अक्षर हवं, मुलं ओळखतात ती तिथेच. तिच्या स्वतःच्या भेटीत बारीक तुकडे, चुंबकं किंवा बटणासारख्या बॅटऱ्या असतील तर ती भेट धाकट्यापासून दूर उघडा. बटण बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होणारंच खेळणं घ्या.