वाचकांचे प्रश्न: ही भिंत पाडू का?

प्रश्न: आमचं घर जुनं, विटांचं, दुमजली आहे. खालची बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढून एकच मोठी खोली करायची आहे. मिस्त्रींनी हातोडीने ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "पोकळ वाजतेय, नुसती आडभिंत आहे, बिनधास्त पाडा." पाडावी का?

उत्तर: थांबा, एवढ्यात हात लावू देऊ नका. पोकळ वाजलं, तर बहुतेक वेळा गिलावा विटेपासून सुटलाय एवढंच कळतं. भार पेलणाऱ्या भिंतीचा गिलावा सुटला, तर तीही तशीच वाजते.

आधी घरात कॉलम-बीम आहेत का ते पाहा. जुन्या विटांच्या घरात बहुधा नसतात. तिथे स्लॅब थेट भिंतींवर टेकतो आणि भिंतीच तो भार पायापर्यंत नेतात. दाराच्या चौकटीपाशी टेप लावून जाडी मोजा. गिलाव्यासकट दहा इंचांच्या आसपास भरली, तर ती नऊ इंची भिंत. तिच्यावर भार आहे असंच धरून चाला.

साडेचार इंची निघाली तरी निश्चिंत होऊ नका. वरच्या मजल्यावर जा. नेमकी त्याच जागी वरही भिंत आहे का? माझ्या मते हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. दहा फूट लांब, दहा फूट उंच अशा साडेचार इंची भिंतीचंच वजन दोन टनांच्या वर जातं. खालची काढली तर वरची उभी कशावर राहणार? शिवाय लांबट खोलीत स्लॅबच्या मुख्य सळया आखूड बाजूने टाकतात, म्हणजे स्लॅब लांब भिंतींवर टेकतो. तुमची भिंत लांब बाजूची असेल, तर जास्तच जपा.

आणि वर काही नसलं तरी भिंत बिनकामाची ठरत नाही. लांब भिंत एकटी असली की बाजूला कलू शकते. काटकोनात जोडलेली आडभिंत तिला धरून ठेवते. भूकंपात तर हा आधार फार मोलाचा असतो.

भार असलेली भिंत काढताच येत नाही, असं मात्र नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशेब करून घ्या, आधी टेकू लावा, मग गर्डर किंवा बीम बसवा. भिंतभर पसरलेला भार आता दोन टोकांवर एकवटणार, म्हणून टोकांखालची भिंत आणि पाया तपासल्याशिवाय काम सुरू करू नका.

प्रश्न: नळाचा पाइप लपवायला भिंतीत आडवी खाच मारली तर चालेल?

उत्तर: शक्यतो उभी मारा. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, आडवी मात्र एक षष्ठांशापेक्षा खोल नको. नऊ इंची भिंतीत ती दीड इंच झाली, साडेचार इंचीत जेमतेम पाऊण. आडव्या खाचेने भिंत तेवढ्या सगळ्या लांबीत बारीक होते आणि वरचा भार त्या उरलेल्या जाडीवर येतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर खाचा तर अजिबात नकोत. आणि खाच छिन्नी-हातोड्याने फोडण्यापेक्षा कटरने कापून घ्या, आजूबाजूच्या विटा खिळखिळ्या होत नाहीत.