अमेरिकेतला वर्णभेद संपवण्यात सरकार आणि चर्च यांचा वाटा किती होता?

दोघांचाही मोठा, पण सरसकट 'चर्च' म्हणू नका. लढली ती मुख्यतः कृष्णवर्णीयांची चर्च.

अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराचंच बघा. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही म्हणून डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांना अटक झाली. बहिष्काराची मोठी सभा भरली होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये. पुढचे ३८१ दिवस कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. मग कामावर जायचं कसं? चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन गाड्या घेतल्या गेल्या. विमा मिळेना, तर तो थेट लंडनच्या लॉइड्समधून उतरवला! बरेच गोरे पाद्री मात्र 'जरा दमानं घ्या' म्हणत होते. १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून ते गाजलेलं पत्र लिहिलं, ते अशाच आठ गोऱ्या धर्मगुरूंना उत्तर म्हणून.

सरकारकडे आधी हललं ते कोर्ट. १९५४ च्या ब्राउन खटल्यात सरकारी शाळांमधली गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांची वेगळी व्यवस्था घटनाबाह्य ठरली, पण अंमलबजावणी रखडली. १९५७ मध्ये लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पोचवायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावं लागलं.

माझ्या मते खरी मेख होती १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात: भेदभाव केला तर केंद्राचा पैसा बंद. १९६६ मध्ये मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, सुरू झालं आणि त्याचा पैसा हवा म्हणून वर्षानुवर्षं न बधलेल्या दक्षिणेतल्या कित्येक रुग्णालयांनी काही महिन्यांत वेगळे वॉर्ड मोडीत काढले.