न वाचलेली आधी बांध

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

अकरा महिन्यांचा करार संपला, नवी खोली आणखी लहान, आणि निम्मी पुस्तकं वाचूनच झालेली नाहीत. तेव्हा ती रद्दीत घालू का, असं विचारतोस. नाही. काढायचीच असतील तर वाचलेली काढ. न वाचलेलं काढायचं नाही.

वाचलेल्यातलं थोडंफार तरी तुझ्याजवळ उरतं. न वाचलेलं गेलं की सगळंच गेलं. त्यातून मराठी पुस्तकाचा भरवसा नाही. हजार प्रतींची आवृत्ती निघते, कधी पाचशेचीच. ती संपल्यावर दुसरी निघेलच असं नाही. मग अप्पा बळवंत चौकात दुकानं पालथी घालायची आणि 'आउट ऑफ प्रिंट' ऐकून परतायचं. दिवाळी अंकांचे हाल तर विचारूच नकोस. १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची परंपरा, पण थंडी सरायच्या आत अंक रद्दीवाल्याच्या काट्यावर! त्यातले कितीतरी लेख पुढं कुठल्याच पुस्तकात येत नाहीत.

पीडीएफचं मला सांगू नकोस. भलतंच काही शोधताना शेजारचं पुस्तक हाताला लागतं, उभ्याउभ्याच चार पानं होतात, चहा गार होतो. फोनमध्ये असं कधी झालंय तुझं?

१९१७ साली लंडनहून परतताना आंबेडकरांनी सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं. जर्मन पाणबुडीनं ती बुडवली, पुस्तकं गेली. तरी माणूस जमवत राहिला. पुढं दादरला 'राजगृह' बांधलं ते पुस्तकं डोळ्यांसमोर ठेवून. तुझा टेम्पो तर नुसता कोथरूडहून वारज्याला जायचाय.

आमच्याकडेही यावरून वाजतं. "नुसती पूजा करायचीय का?" असं तुझी काकू विचारते. निवृत्तीनंतर वाचीन म्हणून घेतलेले जाड खंड अजून तसेच आहेत, हे खरं. पण मोतीबिंदू काढल्यावर त्यातला एक सहज उघडला आणि जेवायचं भान राहिलं नाही. तिला तो आळस वाटतो. मी म्हणतो, त्या पुस्तकाची वेळ तेव्हा आली. घरात नसतं तर आली असती का? म्हणून पुन्हा सांगतो, न वाचलेलं काढायचं नाही.

मोठ्या खोक्यात भरू नकोस, तळ फाटतो. वाण्याकडून लहान खोकी आण. कपाट भिंतीला चिकटवू नकोस, पावसाळ्यात ओल धरते. कसरीसाठी डांबरगोळ्या.

शनिवारी येतो. वाचलेल्यांपैकी काय काढतोयस, ते रद्दीवाल्याआधी मला दाखव.

तुझा,
काका