आयुष्मान कार्ड असूनही आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या विकत का घ्याव्या लागतात? कोल्हापुरात काही सोय आहे का?

तुम्ही लिहिलंय की घरात केशरी रेशनकार्ड आहे, आयुष्मान कार्ड काढलंय, तुम्हाला गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत सतरा हजार पगार आहे आणि आईंच्या गोळ्यांनाच महिन्याला अडीच हजार जातात. मेडिकलवाल्यानं कार्ड बघून "हे इथं चालत नाही" म्हणून सांगितलं. मी कोल्हापुरातच औषध दुकानात फार्मासिस्ट आहे. असं कार्ड काउंटरवर ठेवणाऱ्या माणसांना परत पाठवताना मला फार वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानदारानं तुम्हाला फसवलेलं नाही. ते कार्ड ॲडमिट होणाऱ्या पेशंटसाठी आहे. केंद्राची आयुष्मान भारत आणि राज्याची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या आजारांवर. औषधं त्यात धरलेली असतात, ती मुक्कामातली आणि डिस्चार्जनंतरच्या थोड्या दिवसांची. जन्मभर रोज घ्यायच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. सत्तरीपुढच्यांचं वय वंदना कार्ड निघालं, त्याचंही हेच.

आता तुमच्या प्रश्नातली जी गोष्ट वाचून मी थांबलो ती सांगतो. सतरा हजार पगार आणि कारखान्यात नोकरी, म्हणजे तुमची ईएसआय (कामगार राज्य विमा योजनेची वर्गणी) कापली जात असणार. पगाराची स्लिप काढून बघा. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे 0.75 टक्के कापतात आणि मालक 3.25 टक्के भरतो. त्या पैशांत तुमच्यासोबत तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचेही उपचार येतात, त्यांचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला 9,000 रुपयांच्या आत असेल तर. आणि इथं ॲडमिट व्हायची अट नाही. ईएसआयच्या दवाखान्यात ओपीडीला दाखवायचं आणि बीपी-शुगरच्या गोळ्या तिथूनच घ्यायच्या, खर्चाला मर्यादा नाही. मला माहीत असलेल्या सरकारी सोयींपैकी कमी पगाराच्या माणसाला नेहमीची औषधं पुरवणारी मला सगळ्यात चांगली वाटते ती हीच, आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या कामगारांना तीच सर्वात कमी माहीत आहे, हे मला मनापासून खटकतं. बहुतेकांच्या कार्डावर बायको-पोरांची नावं असतात, आईचं नसतं. तेवढं कंपनीच्या एचआरला सांगून आधार कार्डासह घालून घ्या. ठेकेदाराकडे असलात तरी हक्क तोच. ठेकेदार भरत नसेल तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

ईएसआय नसेल, किंवा आईंना तिथवर नेणं झेपत नसेल, तर सरकारी दवाखाना. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत, रेशनकार्डाचा रंगही विचारत नाहीत. म्हणजे गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, कसबा बावड्याचं सेवा रुग्णालय, गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय ही सगळी त्यात येतात. सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला) मात्र हा निर्णय आपोआप लागू होत नाही, कारण ते मेडिकल कॉलेजला जोडलेलं, वैद्यकीय शिक्षण खात्याचं. तिथं केसपेपरला आणि काही तपासण्यांना पैसे लागू शकतात, म्हणून रेशनकार्ड बरोबर ठेवा. नुसत्या बीपी-शुगरसाठी सीपीआरच्या रांगेत आईंना उभं करायची गरजही नाही. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या गोळ्या घराजवळच्या केंद्रात मिळायच्या असतात.

साठा कधीकधी संपलेला असतो, हे खरं आहे. म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जावा. दुसरी अडचण चिठ्ठीची. खासगी डॉक्टर बहुधा दोन-तीन औषधं एकाच गोळीत असलेला ब्रँड लिहितात. तो ब्रँड सरकारी दवाखान्यात मिळत नाही, मग माणसं "आमची गोळीच नाही" म्हणून माघारी येतात. तीच औषधं सुटी सुटी मिळू शकतात. फक्त तिथल्या डॉक्टरांना जुनी फाईल दाखवून डोस जुळवून घ्या, मनानं बदल करू नका.

जी गोळी तिथं नसेल तिच्यासाठी जनऔषधी केंद्र, म्हणजे ब्रँडशिवायची औषधं विकणारं सरकारी योजनेतलं दुकान. तिथलं औषध ब्रँडच्या तुलनेत 50 ते 90 टक्के स्वस्त पडतं, आणि एकत्र गोळ्याही असतात. तिथं जायच्या आधी डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरात लिहून द्यायला सांगा. मेडिकल कौन्सिलच्या 2016 च्या नियमातही डॉक्टरांनी तसंच लिहावं असं आहे. चिठ्ठीवर ब्रँड असेल तर आम्हा फार्मासिस्टना स्वतःच्या अधिकारात कंपनी बदलून देता येत नाही. आईंना विल्डाग्लिप्टिन किंवा डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर आवर्जून विचारा. त्यांची पेटंटं संपून काही वर्षं झाली, स्वस्त पर्याय आलेत, पण चिठ्ठीवर जुनाच महाग ब्रँड राहिलेला मी पुष्कळदा बघतो.

उद्या ॲडमिट व्हायची वेळ आलीच, तर योजनेतल्या पेशंटला औषधं बाहेरून आणायला लावता येत नाहीत, ती पॅकेजमध्येच असतात. कुणी चिठ्ठी हातात दिली तर बिल जपून ठेवा, तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला) दाखवा आणि 155388 वर तक्रार नोंदवा. आजार योजनेत बसत नसेल तर धर्मादाय ट्रस्टचं रुग्णालय बघा. तिथं 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. निर्धन म्हणजे वर्षाचं उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे 3 लाख 60 हजारांपर्यंत. तुमच्या एकट्याच्या पगाराचे वर्षाला 2 लाख 4 हजार होतात, म्हणजे घरात दुसरी मोठी कमाई नसेल तर तुम्ही दुर्बल घटकात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. पेशंट आयसीयूत असताना तहसील कचेरीत रांग लावणं फार जिवावर येतं.

आईंच्या गोळ्यांची नावं आणि डोस खाली लिहा, डॉक्टरांचं आणि आईंचं नाव न टाकता. सरकारी केंद्रात कुठली विचारायची आणि जनऔषधीत कुठली, ते बघून सांगतो. तोवर चालू गोळ्या बंद करू नका.