वावरातले इंग्रजी शब्द

या वेळी इंग्रजी शब्दांवरची तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला उत्तर लांबलं, पण तोच प्रश्न गावोगावच्या पोरींचा आहे म्हणून कापलं नाही.

प्रश्न: ताई, मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, सोबत एमपीएससीची तयारी करून राहिली. क्लासवाल्यांनी हजार अवघड इंग्रजी शब्दांची पीडीएफ दिली, रोज वीस पाठ करा म्हणे. सकाळी पाठ करते अन् संध्याकाळी वावरातून घरी आली का निम्मे साफ. माझं डोकंच इंग्रजीचं नाही का? का करू सांगा.
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर: पोरी, डोक्याचं काही नाही, ती यादीच तशी आहे. हर्मान एबिंगहाउस नावाचा एक जर्मन मानसशास्त्रज्ञ होता, त्याने अर्थच नसलेले अक्षरांचे तुकडे बनवले, ते स्वतः पाठ केले अन् किती वेळात किती विसरतो ते मोजत बसला. 1885 मध्ये त्याचं हे काम छापून आलं. पाठ केल्यावर तासाभरातच अर्ध्याहून जास्त निसटायचं. आता तूच पाहा, पीडीएफमध्ये एकीकडे ‘इरॅडिकेट’ अन् समोर ‘निर्मूलन करणे’, यात तुझ्या ओळखीचं काय आहे? तुझ्यासाठी तोही एक बिनअर्थाचा तुकडाच झाला ना, मग तो टिकेल कसा.

तू संध्याकाळी वावरातून येते म्हणतेस ना, तिथूनच ओळख काढायची. इंग्रजीतले बरेच भारी वाटणारे शब्द लॅटिनमधून आले अन् लॅटिन बोलणारे ते जुने रोमन लोक मुळात शेतकरी, गुराढोरांचे, त्यामुळे शब्द फोडला की आतून नांगर नाहीतर बैल निघतो. इरॅडिकेटमध्ये ‘रॅडिक्स’ आहे, रॅडिक्स म्हणजे मूळ, अन् सुरुवातीचा ‘इ’ म्हणजे बाहेर. निंदताना हरळी वरवर तोडली तर आठ दिवसांत पुन्हा उभी राहते हे तुला मी काय सांगू. मुळासकट बाहेर निघाली तरच ती इरॅडिकेट झाली. देवीचा रोग जगातून इरॅडिकेट झाला असं 1980 मध्ये जाहीर झालं ते याच अर्थाने, एकही मूळ मागे उरलं नाही.

माझा सगळ्यात आवडता शब्द ‘डिलिरिअस’. तापात माणूस बरळायला लागतो, भान राहत नाही, त्याला डिलिरिअस म्हणतात. लॅटिनमध्ये ‘लिरा’ म्हणजे नांगराचा तास अन् ‘डे’ म्हणजे त्यापासून दूर. नांगर तास सोडून भलतीकडे गेला! ज्याने एकदा तरी बैलामागे नांगराचा रुमणा धरला त्याला हा शब्द पाठ करावा लागत नाही, मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरं ताठ होऊन ऐकायला लागली, त्यांच्या घरचा शब्द निघाला ना.

‘ट्रिब्युलेशन’ म्हणजे हालअपेष्टा, ‘ट्रिब्युलम’ हे रोमन लोकांचं मळणीचं अवजार, दाणे वेगळे करायला पिकावरून फिरवायचे. माणूस असा भरडला जातो तेव्हा ते ट्रिब्युलेशन. ‘डिसेमिनेट’ म्हणजे माहिती पसरवणं, त्यातला ‘सेमेन’ म्हणजे बियाणं, म्हणून मुळात हे बी फेकणं. ‘सेमिनार’सुद्धा त्याच घरातला, मूळ अर्थ रोपवाटिका. ‘प्रोक्रॅस्टिनेट’मधला ‘क्रास’ म्हणजे उद्या, म्हणून काम उद्यावर ढकलणं. अन् ‘रायव्हल’ पाहा, ‘रायव्हस’ म्हणजे ओढा, एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते रायव्हल. पाण्याची पाळी कोणाची यावरून दोन भाऊ कसे उभे राहतात हे पाहिलेल्या माणसाला ‘प्रतिस्पर्धी’ हा अर्थ वेगळा सांगायची गरजच नाही.

एक जोडी परीक्षेत फसवते म्हणून नीट पाहून ठेव. ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. ‘ग्रिगेरिअस’ म्हणजे कळपात रमणारा, माणसांत मिसळणारा. ‘सेग्रिगेट’ म्हणजे कळपातून वेगळं काढणं. आणि ‘इग्रीजिअस’ म्हणजे कळपाबाहेर उठून दिसणारा, पूर्वी हा शब्द चांगल्या अर्थाने वापरायचे पण आता तो फक्त वाईटासाठी उरलाय, ढळढळीत वाईट चुकीला इग्रीजिअस म्हणतात. म्हणजे मूळ कळलं तरी आजचा अर्थ डिक्शनरीत वाक्यासह पाहायचाच, हे टाळू नको. तसंच ‘फ्रुगल’ अन् ‘स्टिंजी’ पीडीएफमध्ये एकाच ओळीत देतात, पण तुझी आई घर चालवते ती फ्रुगल, काटकसरी, आणि मजुराचे पैसे दाबून ठेवणारा तो स्टिंजी. एक कौतुक आहे, दुसरी शिवी.

आता रोजचं काम. वीस नाही, पाच शब्द. घरात लग्नपत्रिका पडून असतात, त्या कापून कोऱ्या बाजूला शब्द लिही, मागे त्याचं मूळ अन् तुझ्याच गावावरचं एक वाक्य, पुस्तकातलं नको. मागची बाजू न पाहता आठव, तेच खरं काम, नुसतं वाचत राहिलं तर ओळखीचं वाटतं पण परीक्षेत येत नाही. त्याच संध्याकाळी एकदा, तिसऱ्या दिवशी एकदा, मग तुमच्या आठवडी बाजाराच्या दिवशी एकदा. जो बाजाराला आठवला तो पुढे महिन्याने पाहिला तरी चालतो, जो नाही आठवला तो पुन्हा पहिल्या गठ्ठ्यात. कापूस वेचायच्या हंगामात दोन महिने हे जमणार नाही, तेव्हा फक्त जुने गठ्ठे पाहा, नवीन घेऊ नको.

प्रश्न: मॅडम, मुलाखतीत मी ‘सबटल’ म्हटलं तर समोरचे हसले. इंग्रजी वाचतो तसं बोलायचं नाही तर कसं बोलायचं?
— एक तरुण, वाशीम जिल्हा

उत्तर: ते हसले ही त्यांची चूक. उच्चार ‘सटल’, मधला बी बोलत नाहीत. तुम्ही अक्षर पाहून बोलले, मराठी माणूस असाच वाचणार, आपली लिपीच तशी आहे, लिहिलं ते बोललं. इंग्रजीत काही अक्षरं नंतर घातलेली आहेत, विद्वान लोकांना शब्दाचं लॅटिन मूळ स्पेलिंगमध्ये दिसायला पाहिजे होतं म्हणून. लोक आधीपासून बी न उच्चारता बोलत होते, तसेच बोलत राहिले. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला बी तसाच. ‘रिसीट’मधला पी तसाच, अन् रिसीट तर तुम्ही बाजार समितीत कापसाची पावती घेताना बरोबर बोलता, कारण तो शब्द आधी कानाने शिकलात. म्हणून नवा शब्द आधी मोबाइलवर ऐका, मग वहीत देवनागरीत उच्चार लिहा, स्पेलिंग शेवटी. ‘डेब्री’मध्ये शेवटचा एस नाही बोलायचा, ‘हायपर्बली’ला हायपरबोल नाही म्हणायचं, ‘इपिटमी’ला एपिटोम नाही. एवढे तीन आजच लिहून ठेवा, लेखी इंग्रजीत हे येत राहतात.

प्रश्न: बाई, मी सातवी शिकलो, कापूस-तुरीचं वावर आहे. पोरगा नववीत इंग्रजी मिडियमले. त्याले शब्दार्थ इचारायले मले इंग्रजी येत नाही, तो कंटाळते. मी त्याले कायची मदत करू?
— एक शेतकरी, आर्वी तालुका

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इंग्रजी न येणं हीच तुमच्याकडची कामाची गोष्ट आहे. रात्री जेवण झाल्यावर त्याला म्हणा, आज शिकलेला एक शब्द मला समजेल असा सांग. तुम्हाला समजावता समजावता त्याच्या डोक्यात तो पक्का बसतो, अन् जिथे तो अडखळला तिथे त्यालाच कळतं की आपल्याला अजून आलेला नाही.

26 नोव्हेंबरला शाळेत संविधानाची उद्देशिका वाचतात, त्याची तर पाठही असेल. त्यातल्या ‘फ्रॅटर्निटी’चा अर्थ त्याला विचारा. बंधुता. लॅटिनमधला ‘फ्रातेर’ अन् आपल्या संस्कृतातला ‘भ्राता’ हे एकाच मुळाचे आहेत, विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशाने 1786 मध्ये कलकत्त्यात सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा. ‘डेंटल’ अन् दंत, ‘नेव्हल’ अन् नाव म्हणजे होडी, ‘डोनेट’ अन् दान, अशा जोड्या त्याला तुम्हीच काढून देऊ शकता. आणि ‘माँगूस’ हा इंग्रजी शब्द तर मराठीतूनच गेलाय, धुऱ्यावर दिसते ते आपलं मुंगूस.

मृगाचा पहिला पाऊस पडला की मातीचा जो वास येतो त्याला इंग्रजीत ‘पेट्रिकोर’ म्हणतात, 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी हे नाव दिलं. ‘पेट्रा’ म्हणजे दगड अन् ‘इकोर’ म्हणजे ग्रीक कथांमध्ये देवांच्या अंगात वाहणारं रक्त. त्या दिवशी पोराला सोबत वावरात न्या आणि वास आला की शब्द त्यालाच विचारा.