आधी शुगर लो होणं थांबव, मग वजन बघू

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. टाइप 1 डायबेटिस (ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असताना वजन कसं उतरवू म्हणून डाएट, जिम, ग्रीन टी, रात्रीची भाकरी बंद करू का, सगळं विचारलंस आणि मध्येच जाता जाता लिहून गेलीस की परीक्षेच्या दिवसांत रात्रीचं इन्सुलिन दोन-चार वेळा राहिलं आणि त्या आठवड्यात काटा खाली आला. त्यापुढे प्रश्न विचारलेला नाहीस. पण मला तुझ्या पत्रातला खरा प्रश्न तोच वाटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

काटा खाली आला हे खरंच आहे, त्यावर वाद घालत नाही. पण काय उतरलं ते बघ. रक्तातली साखर साधारण 180च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी घेऊन जाते. खाल्लेलं अंगी न लागताच बाहेर पडतं. इकडे पेशी उपाशी, म्हणून शरीर स्वतःचीच चरबी आणि स्नायू मोडायला घेतं. चरबी मोडताना कीटोन तयार होतात, आणि इन्सुलिन नसलं की ते साचून रक्त आम्लधर्मी व्हायला लागतं. म्हणजे त्या आठवड्यात बरंचसं पाणी गेलं, थोडे स्नायू गेले, थोडी चरबी गेली. इन्सुलिन नियमित झालं की सगळ्यात आधी पाणी परत येतं, कधीकधी पावलांवर सूजही दिसते. मग ‘बघा, इन्सुलिननेच मी फुगते’ अशी खात्री पटते आणि पुढचा डोस मुद्दाम सोडला जातो. मी या कामात आहे तेव्हापासून ही साखळी बघते आहे, आणि तिची सुरुवात बहुतेक वेळा अशीच असते: आधी चुकून राहिलेला डोस, मग काट्यावरचा आनंद.

तुझ्या बाबतीत धोका आणखी मोठा आहे, कारण तू दिवसातून दोनदा मिक्स इन्सुलिन घेतेस. रात्रीच्या एका सुईत जेवणापुरतं आणि रात्रभर पुरणारं, दोन्ही असतं. ती चुकली की पहाटेपर्यंत अंगात इन्सुलिन जवळजवळ नसतंच. तुझ्या वयात टाइप 1 असताना उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला फळासारखा गोडसर वास, यातलं काही सुरू झालं तर सकाळची वाट बघायची नाही. थेट हॉस्पिटल. घरी कीटोनच्या पट्ट्या ठेव. मेडिकलच्या दुकानात लघवीवर तपासायच्या पट्ट्या मिळतात.

बॉस्टनच्या जोस्लिन डायबेटिस सेंटरमध्ये टाइप 1 असलेल्या 234 स्त्रियांचा 11 वर्षं पाठपुरावा केला होता. निष्कर्ष 2008मध्ये प्रसिद्ध झाले. आपण इन्सुलिन गरजेपेक्षा कमी घेतो असं ज्यांनी सुरुवातीला सांगितलं होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका तिपटीहून जास्त निघाला. ज्या गेल्या, त्यांचं मृत्यूच्या वेळचं सरासरी वय या गटात 45 होतं, बाकीच्यांत 58. हे तुला एकदाच सांगते, पुन्हा नाही.

आणि एक जुनी गोष्ट. इन्सुलिन सापडण्याआधी तुझ्यासारख्या मुलांना उपाशी ठेवणं हाच उपचार होता. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ अकराव्या वर्षी आजारी पडली. जेमतेम जीव धरून राहील एवढंच तिला मोजून देत होते. 1922च्या ऑगस्टमध्ये टोरांटोला, इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक डॉ. बँटिंग यांच्याकडे नेलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होत होती आणि वजन होतं साधारण 20 किलो. इन्सुलिन सुरू झालं, वजन भराभर वाढलं, पुढे लग्न झालं, मुलं झाली, आणि ती 1981पर्यंत जगली. तुला आजार कळला त्या महिन्यातला तुझा फोटो तू पाठवलास आणि ‘अशी होते मी’ असं लिहिलंस ना? तशी तू नव्हतीस. तो आजाराने वाळवलेला चेहरा आहे. त्यानंतर वाढलेले पहिले काही किलो हे तुझे तुलाच परत मिळालेले आहेत. ते वजाबाकीत धरायचे नाहीत.

आता तुझी तक्रार. इन्सुलिन नीट घेतलं की वजन वाढतं, हे तुझ्या मनाचे खेळ नाहीत. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासात टाइप 1 असलेले 13 ते 39 वयाचे लोक होते. 1993मध्ये निकाल आले. साखर काटेकोर सांभाळणाऱ्यांत डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला, पण पाच वर्षांत त्यांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी 4.6 किलो जास्त भरलं, आणि शुगर धोकादायक लो होण्याचं प्रमाणही तिप्पट निघालं. तुझ्या डॉक्टरांनी हे नीट उलगडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ‘व्यायाम कर, गोड खाऊ नकोस’ एवढ्यावर सोळा वर्षांच्या मुलीची बोळवण करायची सवय मला पटत नाही.

त्या अभ्यासातलं शेवटचं, शुगर तिप्पट वेळा लो झाल्याचं, पुन्हा वाच, कारण मला जे सांगायचंय ते तिथे आहे. तू लिहितेस, साडेअकराला वर्गात हात थरथरतात, मग कँटीनमध्ये वडापाव. चारच्या सुमारास पुन्हा, मग घरी बिस्किटांचा पुडा. रात्री कधी घामाने जाग येते, तेव्हा फ्रिजसमोर उभं राहून जे हाताला लागेल ते. हे तुझं खादाडपण नाही. लो झालं की मेंदू जिवाच्या आकांताने खायला लावतो. सकाळच्या मिक्समधला संथ भाग दुपारी जोरावर येतो आणि तुला भूक असो नसो, खावंच लागतं. म्हणजे तू इन्सुलिनला जेवू घालतेस. तुझं जास्तीचं खाणं मला ताटात फारसं दिसत नाही, ते या तीन वेळांमध्ये आहे.

म्हणून दोन आठवडे वजनाचं नाव काढू नकोस. फक्त लो लिहून काढ: किती वाजता, आकडा किती, आधी काय केलं होतंस, काय खाल्लंस. 70च्या खाली ते लो, 54च्या खाली ते गंभीर. वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचार, माझा डोस जास्त होतोय का? मिक्सऐवजी जेवणाचं वेगळं आणि दिवसभराचं वेगळं असं करता येईल का? तसं केलं की मधल्या वेळचं सक्तीचं खाणं बरंच सुटतं आणि जेवण थोडं मागेपुढे, कमीजास्त करता येतं. महागडी पेनं परवडत नसतील तर साध्या ह्यूमन इन्सुलिनच्या बाटल्यांवरही हे बसवता येतं. सुया वाढतील हे खरं. डोस मात्र स्वतःच्या मनाने एका युनिटनेही कमी करू नकोस. कमी करायचा, पण वही दाखवून.

जाता जाता दोन गोष्टी तपास. तुझ्या बाटलीवर 40 लिहिलंय की 100, आणि सिरिंज त्याच मापाची आहे का? आपल्याकडे दोन्ही मिळतात आणि 100च्या बाटलीला 40ची सिरिंज वापरली तर डोस अडीच पट जातो. दुसरं, पोटाच्या ज्या भागाला तू ‘टायर’ म्हणतेस तिथेच रोज टोचतेस का? एकाच जागी सुया घेतल्या की कातडीखाली चरबीच्या गाठी होतात. डाएटने त्या जात नाहीत, आणि त्यांतून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी एकदम. जागा बदलत राहा. पण गाठीवरून चांगल्या जागेवर येशील तेव्हा तोच डोस जास्त लागू पडू शकतो, म्हणून हेही डॉक्टरांना विचारून.

लो झालंच तर औषध म्हणून साखर घे, खाऊ म्हणून नाही. तीन चहाचे चमचे साखर किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर पाण्यात, म्हणजे साधारण 15 ग्रॅम. पंधरा मिनिटं थांब, पुन्हा तपास, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. ती पंधरा मिनिटं फार लांब वाटतात, मला कल्पना आहे. घरात डबाभर कंदी पेढे असणार, सातारचं घर आहे, पण पेढा या कामाचा नाही. खव्यातल्या चरबीमुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते, तोवर तू चौथा पेढा संपवलेला असतो. पेढा खायचाच तर जेवणासोबत, डोसमध्ये धरून, बसून खा.

ताटाबद्दल थोडक्यात. भाकरी बंद करू नकोस. भाकरी हलकी म्हणून दोन खाणं हीही गंमतच आहे: मध्यम फुलक्यात साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं, आणि तुझ्या आजीच्या हातची ज्वारीची भाकरी अशा दोन-अडीच फुलक्यांएवढी. एक घे आणि ताटात मटकीची उसळ, पिठलं, अंडं, दही यांना जागा कर. सकाळी नुसते पोहे खाल्लेस तर दहा वाजता भूक लागणारच, सोबत मोड आलेले मूग किंवा उकडलेलं अंडं असू दे. संकष्टीची साबुदाणा खिचडी म्हणजे स्टार्च आणि त्यावर तूप, शेंगदाणे. वजनासाठी उपास ही कल्पनाच तिथे फसते. शिवाय तुझ्या मिक्सवर उपास नकोच, आजीला माझं नाव सांग. कीटो डाएट वगैरे बंद कर, कीटोनचीच भीती असलेल्या मुलीने वाढत्या वयात घरच्या घरी करायची ती गोष्ट नाही. आणि जेवण खरंच कमी करायचं ठरलं तर डोस त्याच दिवसापासून बदलावा लागतो, म्हणून हे दोन्ही निर्णय एकाच भेटीत घ्यायचे.

काकांच्या गोळीबद्दल तू विचारलंस. काकांना टाइप 2 आहे, डापाग्लिफ्लोझिन घेतात आणि बारीक झालेत, बरोबर. ती गोळी साखर लघवीतून बाहेर काढते. टाइप 1मध्ये तिच्यामुळे शुगरचा आकडा फारसा वाढलेला नसतानाच कीटोअॅसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, म्हणजे मीटर बघून कुणाला संशयही येत नाही. तिला हात लावू नकोस. वजन उतरवायच्या इंजेक्शनांच्या ज्या जाहिराती तुला दिसतात, तीही टाइप 1साठी मान्य झालेली औषधं नाहीत.

व्यायामाला तुझ्याकडे अजिंक्यतारा आहे, जिमची फी वाचव. सातारकर पहाटे चढतात ते आपल्या सोयीचंच आहे. सकाळचं इन्सुलिन घेण्याआधी चढलीस तर लो होण्याची शक्यता संध्याकाळपेक्षा कमी. निघताना तपास: 90च्या खाली असेल तर आधी थोडं ग्लुकोज घे, 250च्या वर असेल तर कीटोन बघ, आणि कीटोन असतील तर त्या दिवशी किल्ला नाही. रात्री मोठं लो होऊन गेलं असेल तरीही नाही. खिशात ग्लुकोज, सोबत कुणीतरी ज्याला तुझा आजार माहीत आहे. आठवड्यात दोन-तीनदा उठाबशा, जोर, सूर्यनमस्कार असं ताकदीचं काही कर. संध्याकाळी खूप खेळलीस किंवा नवरात्रात गरबा झाला तर लो मध्यरात्रीनंतरही येऊ शकतं, म्हणून झोपताना तपास आणि आईला सांगून झोप.

किती किलो, हे मी पत्रातून सांगणार नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 2015चे वाढीचे तक्ते 18 वर्षांपर्यंतचे आहेत. त्यांत बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाच्या) आलेखावर मोठ्या माणसांच्या 23 आणि 27शी जुळणाऱ्या दोन रेघा आहेत, पहिली जास्त वजनाची, दुसरी लठ्ठपणाची. तू कुठे बसतेस ते डॉक्टरांकडून त्यावर मांडून घे. तू पाठवलेल्या आकड्यांवरून तू पहिल्या रेघेच्या जरा वर असावीस, म्हणजे इन्स्टावरच्या हिशेबापेक्षा प्रकरण बरंच लहान आहे. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि सिलिअॅकची (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची) तपासणी वर्षभरात झाली नसेल तर करून घे. टाइप 1सोबत थायरॉइड बिघडणं नेहमीचं आहे, आणि लो वारंवार होण्यामागे कधी सिलिअॅक निघतो. पाळीच्या आधी काही दिवस शुगर चढते आणि अंगात पाणी साठतं, त्या आठवड्यात काट्यावर उभी राहू नकोस.

राहिलं ते रात्रीच्या डोसचं. परीक्षेत विसरलीस असेल, पण नंतर एखाद्या रात्री ‘आज राहू दे’ असं मनात आलं असेल, तर ते डॉक्टरांना त्याच शब्दांत सांग. ‘विसरते’ म्हणालीस तर ते अलार्म लावायला सांगतील आणि विषय संपेल. खरं कळलं तर समुपदेशकाची मदत मिळवून देता येते, आणि तशी मदत लागणं यात तुझी काही चूक नाही. आईला सांगायला जड जात असेल तर मला फोन कर, आपण दोघी मिळून सांगू. तोवर रात्रीची सुई आईच्या समोर घे. तिचं रोजचं ‘घेतलंस का?’ किती डोक्यात जातं ते तू लिहिलंयस, पण समोरच घेतलंस तर तिला विचारावंच लागणार नाही.

वहीचं पहिलं पान भरलं की फोटो पाठव.

तुझी,
ताई